उजव्या गालावरची तीट

हिंदुराव पेंटर दुपारी झोपत नाहीत, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं. डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, पोटावर हात ठेवून तासभर ते जे करतात त्याला ते विचार करणं म्हणतात, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाशी वाद घालायला घरात कुणाला वेळ नाही. आजही आमटीभात पोटात गेल्यावर ते परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर आडवे झाले आहेत. शेडभर अळशीच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास आहे. समोर भिंतीला बारा फुटी कापड टेकवलंय, कापडावर इंदुप्रभाबाईंचा चेहरा आहे, आणि त्या चेहऱ्यावर आता एकच गोष्ट काढायची राहिली आहे. गालावरचा तीळ.

एवढ्या मोठ्या चेहऱ्यावर तीळ म्हणजे लिंबाएवढा होईल. कुंचल्याचे दोन फटकारे. पण तीन दिवस झाले, हिंदुराव रंग कालवतात, शिडीवर चढतात आणि तसेच खाली उतरतात. हात थरथरतो, असं त्यांनी सुनेला सांगितलंय. हात थरथरतो हे खरं, पण कारण ते नाही.

इंदुप्रभाबाई म्हणजे ‘वॉर्ड नंबर सात’ची नायिका. ज्यांनी तो सिनेमा पाहिलाय त्यांना काही सांगायला नको. ज्यांनी नाही पाहिला त्यांनी एवढं ऐकावं, की एका गावात एक नळ असतो. त्याचं चार वेळा उद्घाटन झालेलं असतं आणि त्याला एकदाही पाणी आलेलं नसतं. पाचव्या उद्घाटनाला गोदा मास्तरीण पुढाऱ्यापुढं रिकामी घागर धरते आणि म्हणते, “हार नंतर घाला, आधी ही भरून द्या.” तिथून गोदा निवडणुकीला उभी राहते. पुढारी तिच्याविरुद्ध आपल्या हाताखालचा एक लाजाळू कारकून उभा करतो, तो प्रचार करता करता गोदाच्याच प्रेमात पडतो, आणि मग दोघंही लपूनछपून एकमेकांसाठी मतं मागत फिरतात. लोक हसून हसून खुर्चीतून घसरत. पुढारी मंडळी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसत, कारण प्रत्येकाला वाटे, सिनेमा दुसऱ्यावर काढलाय.

त्या सिनेमाचं चाळीस फुटी पोस्टर कोल्हापुरात थेटरवर चढलं, ते बावीस वर्षांच्या हिंदुरावांच्या हातचं. पहिलंच स्वतंत्र काम. नमुना म्हणून मिळालेला फोटो निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेला होता. ते हिंदुरावांच्या लक्षातही आलं, कारण फोटोत बाईंचा पदर उजव्या खांद्यावर होता. त्यांनी हुशारीनं पदर डाव्या खांद्यावर घेतला, घागर एका कमरेवरून दुसरीवर नेली, आणि स्वतःवरच खूश झाले. तीळ मात्र फोटोत होता तिथंच राहिला, उजव्या गालावर. बाईंचा तीळ डाव्या गालावर आहे हे त्यांना कुठलं ठाऊक? आधीच्या सिनेमांत तो कायम रंगाखाली दडवलेला असायचा; हा फोटो तेवढा चेहऱ्याला रंग चढायच्या आधी काढलेला.

पहिल्या खेळाच्या दिवशी निर्माते दाजीसाहेब मोटारीतून उतरले, मान वर करून बघितलं, आणि त्यांचा पारा चढला. “कुणी काढलंय हे? आजच्या आज हाकला त्याला. पुन्हा या गावात त्याच्या हातात कुंचला दिसता कामा नये.” पोस्टर उतरवायला वेळ नव्हता. हिंदुराव वर बांबूंच्या परांचीवर दोऱ्या आवळत होते, त्यांना खाली उतरायची छाती होईना. तेवढ्यात मागच्या मोटारीतून इंदुप्रभाबाई उतरल्या. डाव्या गालावरचा तीळ पावडरीखाली गायब, आणि उजव्या गालावर काजळाची ठसठशीत तीट.

“पेंटरला मीच सांगितलं होतं,” त्या दाजीसाहेबांना म्हणाल्या. “पोस्टर एवढं देखणं झालंय, दृष्ट लागायला नको. म्हणून तीट काढायला लावली.”

दाजीसाहेब म्हणजे नारळ फोडल्याशिवाय कॅमेऱ्याला हात न लावणारे गृहस्थ. ते जागच्या जागी विरघळले. सिनेमा पंचवीस आठवडे चालला, आणि पुढं त्यांच्या प्रत्येक पोस्टरवर नायिकेच्या गालाला तीट काढायची, असा नियमच होऊन बसला.

इथवर ठीक होतं. पण कुणी कौतुकानं विचारलं, की पेंटर, ही तिटेची कल्पना कुणाची, तर हिंदुराव मिशीत हसून म्हणायचे, “आपलीच.” एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, चाळीस वर्षं म्हणत राहिले. बाईंना भेटून आभार मानायचे तर आधी चूक कबूल करावी लागली असती, म्हणून ते राहूनच गेलं. महिन्यापूर्वी बाई पुण्यात वारल्या.

आणि आता चित्रपट मंडळाच्या नलवडे मॅडम येत्या रविवारी बाईंच्या आठवणीत ‘वॉर्ड नंबर सात’ पुन्हा दाखवणार आहेत. फ्लेक्स नको, हातानं रंगवलेलंच पोस्टर हवं, हा त्यांचा हट्ट. जाताना त्या सांगून गेल्या, “काका, तीळ डावीकडं हं. जुन्या पोस्टरवर तुम्ही गंमत केली होती, पण या वेळी बाईंचा खरा चेहरा काढूया.”

डावीकडं तीळ काढला, की बाईंनी त्या दिवशी जे केलं ते कायमचं पुसलं जातं. उजवीकडं तीट काढली, की आपलं खोटं पुन्हा एकदा भिंतीवर चढतं. म्हणून तीन दिवस हिंदुराव शिडी चढतात आणि उतरतात.

पत्रा उन्हानं तडतडतोय. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी चालू आहे. हिंदुराव डोळे मिटतात, विचार करायला म्हणून. गिरणीची धडधड लांब जाते, बारीक होते, आणि थेटरातल्या मशीनसारखी घरघरायला लागते.

“पेंटर, जरा शिडी धरा की,” कुणीतरी वरून म्हणतं.

हिंदुराव उठून शिडी धरतात. शिडीवरून इंदुप्रभाबाई उतरत आहेत. गोदा मास्तरणीचं पांढरं सुती पातळ, पायांत वहाणा, कमरेवर घागर. कापडावर आता चेहरा नाही, खडूची बाहेरची रेघ तेवढी आहे. ते बघून हिंदुरावांना काही विशेष वाटत नाही. बाई खाली आल्यात म्हटल्यावर चेहरा वर कसा असेल?

“बाई, तुमी तर...”

“वारले. हो. पेपरात आलं होतं, चौथ्या पानावर. वय मात्र दोन वर्षांनी वाढवून छापलं. तेवढं मला लागलं.”

हिंदुरावांच्या मनात साठ वर्षांचं साठलंय, आणि तोंडातून काय निघतं? “च्या घेणार?”

“पाणी चालेल. घागर आणलीय.”

पाण्याचा माठ कोपऱ्यात असतो. हिंदुराव कोपऱ्याकडं वळतात तर तिथं नळ आहे. नळाला झेंडूचा हार आहे. वर पत्रा नाही, मोकळं पांढरं आभाळ आहे, आणि भोवती वॉर्ड नंबर सात आहे. तीच चुन्याची घरं, पुढून पक्की, मागून बांबूंनी टेकवलेली. नळासमोर टोप्या घातलेले पुढारी ओळीनं उभे आहेत. प्रत्येकाच्या हातात कात्री, प्रत्येकापुढं स्वतःची फीत. ते फीत कापतात, टाळी वाजवतात, फितीला गाठ मारतात आणि पुन्हा कापतात.

“हे सगळे अजून हितंच?” हिंदुराव हळूच विचारतात.

“सिनेमा संपला हे त्यांना कुणी सांगितलंच नाही,” बाई म्हणतात. “सोडा नळ.”

हिंदुराव तोटी फिरवतात. सिनेमात जे कधी झालं नाही ते होतं. पाणी येतं. साधं, स्वच्छ, गार पाणी, आणि घागर भरायला लागल्याचा तो चढत जाणारा आवाज. पुढारी दचकून दोन पावलं मागं सरतात. एवढ्या उद्घाटनांत पाणी आलं तर काय करायचं, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

बाई ओंजळ धरून पितात आणि पदरानं तोंड पुसतात. त्यांना पाणी पिताना बघून हिंदुरावांना इतकं बरं वाटतं, की ते म्हणूनच टाकतात, “बाई, मला एक सांगायचं हुतं.”

“इथं नको. वर बसू.”

ते वर बसलेले आहेत. बांबूंच्या परांचीवर, पाय खाली सोडून. खाली थेटरासमोरचा चौक आहे, आणि कोल्हापुरातली सगळी घरं कापडाची आहेत, वाऱ्यानं हलतायत. हिंदुराव आपल्या हातांकडं बघतात. काळेभोर, तरणे, अजिबात न थरथरणारे हात. खालून दाजीसाहेबांचा आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.

“सांगा,” बाई म्हणतात.

“तीट न्हवती ती. चूक हुती माझी. फोटू उलटा हुता. म्या पदर फिरवला आन् तीळ फिरवायचा ऱ्हायला.”

“ठाऊक आहे मला.”

“आन् मागनं कुणी इचारलं तर म्या सांगायचो, कल्पना आपलीच म्हणून.”

“तेही ठाऊक आहे. गोष्टी पुण्यापर्यंत यायच्या हो.”

हिंदुरावांना वाटतं, परांची मोडावी आणि आपण खाली जावं. परांची काही मोडत नाही. ती त्यांनीच बांधलेली आहे.

“राग आला असंल,” ते म्हणतात.

“आला होता. चांगला दोन दिवस होता. म्हटलं, पेंटर भारीच निघाला, माझी तीट स्वतःच्या नावावर लावून मोकळा.” बाई पाय हलवतात. “मग गेला. कारण मलाही तुम्हाला एक सांगायचं होतं, आणि माझंही राहूनच गेलं.”

“मला? तुमी काय सांगणार?”

“हा तीळ माझ्या वडिलांचा आहे. त्यांच्याही इथंच होता.” त्या डाव्या गालावर बोट ठेवतात. “मी दोन वर्षांची असताना ते गेले. घरात फोटो नव्हता. आई मला आरशासमोर उभी करायची आणि म्हणायची, हा बघ, एवढे तुझे बाबा. आणि सिनेमात आले, तर तोंडाला रंग लावणारा रोज सकाळी पहिल्यांदा तोच झाकायचा. पोस्टरवाले तर डाग म्हणून सोडूनच द्यायचे. सहा सिनेमे झाले, पेंटर, सहा. मग त्या दिवशी सकाळी मी देवीच्या दर्शनाला निघाले होते, आणि मोटारीतून बघते तर चाळीस फुटी मी, आणि गालावर तीळ.”

“चुकीच्या गालावर.”

“चुकीच्या गालावर. पण होता. अख्ख्या गावाला दिसेल एवढा होता. मी मोटार थांबवून रडले.”

मग हिंदुरावांच्या ध्यानात येतं. “आन् तरी तुमी त्या दिवशी त्यो झाकला. पावडर लावून.”

“स्वतःच्या हातानं झाकला. तेवढं एकदाच. तुमचं काम वाचावं म्हणून.”

साठ वर्षं जे ओठांवर आलं नाही ते आता आपोआप येतं. “बाई, लई उपकार झालं तुमचं. त्या दिशी तुमी नसता तर म्या बापाबरोबर रंधा मारत बसलो असतो. आयुष्यभर जे आवडलं तेच करत ऱ्हायलो, ते तुमच्यामुळं. रंगाचा वास घेतल्याशिवाय एक दिस गेला न्हाई माझा. आन् म्या तुमचं नाव बी घेतलं न्हाई.”

ते रडतायत. बाई त्यांना रडू देतात. मग त्यांच्या पाठीवर हलकेच थापटतात, आणि म्हणतात, “घेतलंत ना आत्ता. चला, मतदानाला उशीर होईल.”

शाळेचा वर्ग आहे. फळ्यावर वॉर्ड नंबर सात असं लिहिलंय. बाक भिंतीला सरकवलेत, टेबलामागं बाई यादी घेऊन बसल्यात, आणि नाकावर चष्मा आहे. रांगेत हिंदुराव एकटेच.

“नाव?”

“हिंदुराव ज्ञानू सुतार. बाई, तुमी वळखता की मला.”

“नियम आहे. हं, उमेदवार बघून घ्या.”

भिंतीवर दोन चित्रं लावलीत. दोन्हींत बाईच आहेत. एकीच्या डाव्या गालावर तीळ, दुसरीच्या उजव्या गालावर तीट.

“दोन्ही तुमीच हाय,” हिंदुराव म्हणतात.

“दोन्ही मीच. एक मी आईबापाची. दुसरी तुम्हाला दिलेली. कुणाला मत द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

“दोघींना दिलं तर?”

“मत बाद होतं.” बाई चष्म्यावरून बघतात आणि गोदा मास्तरणीचं ते हसू हसतात, ज्याच्यासाठी लोक एकच सिनेमा चार चार वेळा बघायचे. “पण आमच्या वॉर्डात चालतं. आमच्याकडं उमेदवारच एकमेकांसाठी मतं मागतात.”

हिंदुराव शाईसाठी डाव्या हाताचं बोट पुढं करतात. बाई ते बाजूला सारतात.

“बोट नको. इकडं तोंड करा.”

त्या शाईच्या बाटलीत काडी बुडवतात, टेबलावरून वाकतात आणि हिंदुरावांच्या उजव्या गालावर टेकवतात. गार लागतं. जवळून बाईंच्या अंगाला घागरीतल्या पाण्याचा आणि पावडरीचा वास आहे.

“हे काय, बाई?”

“पोस्टर देखणं झालंय. दृष्ट लागायला नको.” त्या काडी पुसून ठेवतात. “शाई लागली. मत मात्र अजून द्यायचंय, विसरू नका.”

हिंदुराव पेटीकडं वळतात. पेटी कुठं आहे ते दिसत नाही. शाळेची घंटा वाजते, पुन्हा वाजते, आणि ती घंटा नाही, बशीवर हलणारा कप आहे.

“आबा, च्या आणलाय. उठा.”

सून वैजयंता उभी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे ती, आज शनिवारची सकाळची शाळा करून आलीय. कप स्टुलावर ठेवता ठेवता ती थांबते.

“गालाला काय लावून घेतलंय वो?”

“कुठं?”

“हे काय. काळं.” ती पदराच्या टोकानं पुसते. जात नाही. खोबरेल तेल आणते, तरी जात नाही. टर्पेंटाइनची चिंधी घेते, आणि हिंदुरावांचा गाल लाल होतो पण तो ठिपका तिथल्या तिथं. मग ती चष्मा लावते आणि वहीतली चूक बघावी तशी वाकून बघते.

“आबा, हा रंग नाही.”

“मग?”

“मतदानाची शाई आहे ही. पाच निवडणुकांची ड्युटी केलीय मी, मला कळत नाही होय? पण आत्ता कुठली आली निवडणूक? आणि गालाला कोण लावतंय?”

हिंदुराव सतरंजीवर उठून बसतात. समोर कापडावर बाईंचा चेहरा जिथल्या तिथं आहे, तीळ तेवढा नाही.

“कुठल्या गालाला हाय?” ते विचारतात.

“उजव्या.”

हिंदुराव गालाला हात लावत नाहीत. तो ठिपका अजून गार आहे, ते त्यांना न लावताच कळतंय. “किती दिस ऱ्हाईल?”

“पंधरा दिवस तरी हलायची नाही. आणि उद्याच्या रविवारी तुम्हाला स्टेजवर बसायचंय! अख्खं गाव विचारेल, पेंटर, हे काय म्हणून.”

“इचारू दे. शिडी धर.”

“च्या गार होतोय.”

“हू दे. धर म्हणतो न्हवं.”

वैजयंता शिडी धरते. हिंदुराव एका वाटीत तपकिरी रंग घेतात, एकीत काळा, आणि वर चढतात. हात थरथरतोच आहे. परांचीवरचे ते तरणे हात तिकडंच राहिले. डाव्या गालावर ते सावकाश, श्वास रोखून, लिंबाएवढा तीळ काढतात, आणि क्षणभर तिथंच थांबून त्याला नमस्कार करतात. कुणाला ते वैजयंताला कळत नाही. मग शिडी सरकवायला लावून उजव्या गालावर काजळासारखी काळीभोर तीट.

“अगंबाई,” वैजयंता खालून म्हणते. “दोन्हीकडं? नलवडे मॅडम काय म्हणतील?”

“मॅडमला फोन लाव. म्याच सांगतो.”

फोन लागतो. मॅडम पलीकडून आनंदानं विचारतात, काका, झालं का? आणि मग ऐकून घेऊन, जरा गोंधळून, “तीटसुद्धा काढलीत? म्हणजे तुमची ती जुनी कल्पना...”

“माझी न्हवं,” हिंदुराव शिडीवरूनच म्हणतात, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा त्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात. “बाईंची.”